पटावरचे युद्ध आणि पडद्यावरचे युद्ध

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिल्लीतील माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजची सभा ज्या रस्त्यावर भरली आहे, त्या रस्त्याला पृथ्वीला विश्वाच्या मध्यावरून हलवणाऱ्या एका पोलिश ज्योतिर्विदाचे नाव आहे. कोपर्निकस मार्ग हा तसा लहानसाच. मंडी हाउसच्या गोल चौकापाशी तो सुरू होतो आणि इंडिया गेटभोवतीच्या षट्कोनाला जाऊन मिळतो. पायी चालणाऱ्यास पंधरावीस मिनिटे पुरतात. जुन्या महाराष्ट्र सदनामुळे दिल्लीतील मराठी माणसाच्या तो पायाखालचा आहे. याच रस्त्यावर कमानी सभागृह आहे, दूरदर्शन भवन आहे. म्हणजे एका टोकाला नाटक, संगीत, चित्रवाणी, थोडक्यात खेळ मांडणाऱ्यांची वस्ती. आणि दुसऱ्या टोकाला दगडावर कोरलेली सैनिकांची नावे. आजच्या विषयाला या दोन टोकांमधील अंतर उपयोगी पडणार आहे.

विषय आहे युद्धाचा खेळ. आज घरोघरी एक तक्रार ऐकू येते. मुलगा संगणकापुढे बसतो, कुठल्याशा दूरच्या ग्रहावर सैन्य उतरवतो, ठाणी जिंकतो, शेकडो सैनिक गमावतो, पुन्हा शेकडो उभे करतो. जेवायला हाक मारली तर ‘पाचच मिनिटे’ म्हणतो आणि ती पाच मिनिटे संपत नाहीत. अभिमन्यूसारखी त्याची गत होते: आत शिरण्याची विद्या अवगत आहे, बाहेर पडण्याची नाही. ही काळजी खोटी नाही, पण नवीही नाही. लखनौचे राज्य बुडत असताना बुद्धिबळाच्या पटावरून न उठणारे दोन सरदार प्रेमचंदांनी आपल्या कथेत रंगवले आणि १९७७ साली सत्यजित राय यांनी ते पडद्यावर आणले. प्रत्येक पिढीला पुढच्या पिढीचा खेळ घातक वाटत आला आहे. म्हणून खेळावर रागावण्याआधी तो कोठून आला आणि आत काय करतो, हे समजून घेणे बरे.

उदाहरण म्हणून एकच खेळ घेऊ. ‘वॉरहॅमर ४०,००० : डॉन ऑफ वॉर’ हा संगणकावरचा खेळ कॅनडातील व्हँकुव्हर येथील रेलिक एंटरटेनमेंट या संस्थेने तयार केला आणि तो सप्टेंबर २००४ मध्ये बाजारात आला. काळ कल्पिला आहे तो आजपासून सुमारे अडतीस हजार वर्षांनंतरचा. परंतु त्याचे कूळ पाहू गेल्यास ते थेट भारतात येऊन पोहोचते.

हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे, त्यांवरून चतुरंग. आठ गुणिले आठ घरांच्या अष्टापद पटाचा आणि चतुरंगाचा उल्लेख सातव्या शतकात बाणभट्टाच्या हर्षचरितात येतो. हा खेळ इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात. चतुरंगाने युद्धातले पुष्कळ काही गाळले. नदी नाही, डोंगर नाही, पाऊस नाही, दैवाचा भाग नाही. दोन्ही बाजू समान आणि दोघांनाही सगळे दिसते. या गाळण्यातूनच त्याचे सौंदर्य निर्माण झाले.

पुढे जर्मनीत हे गाळलेले परत आणण्याचा खटाटोप झाला. १७८० साली ब्रन्सविक येथील हेलविग या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यात भूप्रदेश आणला. प्रशियात रायस्वित्झ नावाच्या एका गृहस्थाने राजासाठी मेजावर मांडायचा युद्धखेळ रचला आणि १८२४ साली त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, तो खेळ खऱ्या नकाशावर आणला. एक चाल म्हणजे दोन मिनिटांचा काळ. गोळीबाराचा परिणाम फाशावरून ठरे, कारण रणांगणावर दैवही असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मध्ये एक पंच असे. दोन्ही पक्ष आपले हुकूम त्याला लिहून देत आणि शत्रूच्या ज्या तुकड्या दिसणे शक्य आहे तेवढ्याच तो नकाशावर मांडी. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला.

या खेळाला मुलांच्या खोलीत आणले ते एच. जी. वेल्स यांनी. ‘टाइम मशीन’ आणि ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ लिहिणारे हेच ते वेल्स. १९१३ साली त्यांनी ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. जमिनीवर लाकडी ठोकळ्यांची घरे, शिशाचे सैनिक, स्प्रिंगवर चालणारी खेळण्यातली तोफ आणि प्रत्येक चालीला घड्याळाची मर्यादा. विज्ञानकथा आणि युद्धखेळ एकाच लेखकाच्या घरी वाढले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. वेल्स यांचे म्हणणे असे की, लहान युद्ध खेळून पाहणाऱ्याला मोठे युद्ध किती मूर्खपणाचे असते हे कळून चुकते. पुस्तक निघाल्याला एक वर्ष होते न होते तोच पहिले महायुद्ध पेटले. त्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांचे स्मारक याच रस्त्याच्या शेवटी उभे आहे.

१९८७ साली इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप या संस्थेने रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ प्रसिद्ध केला. हा मेजावरचा खेळ. इंच-सव्वा इंच उंचीची माणसे, राक्षस, यंत्रे सुट्या भागांत येतात. खेळणाऱ्याने ती कापून, चिकटवून, बारीक कुंचल्याने रंगवायची. मेजावर टेकड्या आणि पडकी घरे मांडायची, टेपने इंच मोजून तुकड्या पुढे सरकवायच्या आणि फासे टाकायचे: नेम लागला का, जखम झाली का, चिलखताने वाचवले का. मराठी माणसाला हे परके वाटू नये. दिवाळीच्या सुट्टीत दगड-विटांवर गोणपाट आणि माती लिंपून किल्ला उभारायचा, अळीव पेरून हिरवळ उगवायची, बुरुजावर मातीचे मावळे, गुहेत वाघ आणि सर्वांत वर महाराज. हेच ते मेज, हीच ती रंगीत माणसे. दिल्लीत आलेल्या ज्या कुटुंबांनी ही रीत सोबत आणली, त्यांच्या गच्चीत किंवा अंगणात ती अजून दिसते. उणे एवढेच की आपला किल्ला पाहण्यासाठी असतो. त्यावर नियमाने लढाई खेळण्याची प्रथा आपल्याकडे पडली नाही.

आता पडदा. १९९२ च्या ‘ड्यून २’ पासून संगणकावर अशा खेळांची एक जात रूढ झाली, जीत पाळी नसते. दोन्ही बाजू एकाच वेळी चालतात. खेळाडू विचार करीत थांबला तरी शत्रू थांबत नाही. ‘डॉन ऑफ वॉर’ने मेजावरचा खेळ या रीतीत बसवला. नकाशाचा न पाहिलेला भाग अंधारात असतो, म्हणजे प्रशियातल्या पंचाचे काम आता यंत्र करते. रसद मिळवायची तर नकाशावरची मोक्याची ठिकाणे जिंकून राखावी लागतात. एका कोपऱ्यात दबा धरून बसणारा हमखास हरतो. आडोशामागची तुकडी जास्त तग धरते, उघड्यावरची लवकर मरते. सैनिकांच्या जिवाबरोबर त्यांचे मनोधैर्यही मोजले जाते. ते ढासळले की शस्त्र हातात असूनही त्यांचा नेम चुकू लागतो. मेजावर दोन फाशांनी ठरणारी ही परीक्षा पडद्यावर आली, ही मोठी गोष्ट होय. अडतीस हजार वर्षांनंतरच्या लोखंडी चिलखतातही माणूस घाबरतो, हे हा खेळ मान्य करतो. आपल्या सैन्याचे रंग आणि निशाण निवडण्याची सोयही त्यात आहे. कुंचल्याची तेवढीच आठवण उरली आहे.

कथेबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. या कल्पित जगातले मानवाचे साम्राज्य हे आदर्श राज्य नव्हे. दहा हजार वर्षे सिंहासनावर मरणासन्न बसलेला सम्राट, त्याच्या नावाने चालणारी क्रूर सत्ता आणि शंका घेणाऱ्यास शिक्षा. या चित्रामागे उघड उपरोध आहे. ‘डॉन ऑफ वॉर’च्या कथेत टार्टारस या ग्रहावर घनघोर युद्ध होते. अखेरीस नायक एक शापित दगड फोडतो आणि त्यात कोंडलेला दैत्य त्याच्याच हाताने मोकळा होतो. जिंकलेल्या खेळाडूला शेवटी कळते की आपल्या प्रत्येक विजयाने शत्रूचेच काम झाले. हा उपरोध सतरा-अठरा वर्षांच्या वाचकाला कळतो, दहा वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याला चकाकते चिलखत तेवढे दिसते. हा खेळ लहानांसाठी नाही. अशा खेळांच्या वेष्टनावर वयाची सूचना छापलेली असते आणि ती वाचणे हे पालकांचे काम आहे.

मेजावरून पडद्यावर येताना काही मिळाले, काही गेले. समोरचा माणूस गेला. मेजापलीकडे बसलेल्या गड्याचा चेहरा दिसतो, त्याच्याशी वाद होतो, नियमांचे पुस्तक उघडले जाते, चूक असेल तर चाल मागे घेतली जाते. येथे नियम यंत्राच्या पोटात आहेत. तुकडी का मेली हे खेळाडूला पुरते कळत नाही, ती मेली एवढे दिसते. आणि घाई आली. मेजावर एक तुकडी गमावताना हाताने एकेक बाहुले उचलून बाजूला ठेवावे लागते. ते त्या मुलाने स्वतः रंगवलेले असते. पडद्यावर नवी तुकडी मागवायला एक कळ दाबणे पुरते. संख्या कमी झाली, संख्या भरून निघाली.

पालकांनी ज्याकडे लक्ष द्यावे ती गोष्ट येथे आहे. रक्त पडद्यावर दिसते म्हणून मूल हिंसक होईल, ही भीती वारंवार बोलली जाते. त्याहून खोल धोका हिशेबाचा आहे. कोणताही युद्धखेळ, मग तो चतुरंग असो वा ‘डॉन ऑफ वॉर’, युद्धातले काही मोजतो आणि काही वगळतो. वगळल्याशिवाय खेळच होत नाही. पण जे मोजले गेले तेवढेच युद्ध, असे मनात बसले तर ते मूल उद्या इतिहासही तसाच वाचील आणि वर्तमानपत्रही.

मराठी माणसाला हे समजावण्यासाठी परग्रहावर जायला नको. येथून उत्तरेला नव्वदेक किलोमीटरवर पानिपत आहे. सदाशिवरावभाऊंनी ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला. त्याच सुमारास अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून अलीकडे आला आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तुटला. नोव्हेंबरपासून दोन्ही सैन्ये समोरासमोर बसली. शत्रूची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले आणि मराठ्यांच्या छावणीतले धान्य आटत गेले. अखेर उपाशी सैन्य १४ जानेवारी १७६१ रोजी रणांगणात उतरले. ‘डॉन ऑफ वॉर’ खेळणारा मुलगा यातला अर्धा भाग चटकन समजेल: ठिकाणे हातची गेली, रसद तुटली, मनोधैर्य खचले. एवढे श्रेय त्या खेळाला दिले पाहिजे. मात्र त्या छावणीत यात्रेकरू होते, बायकामुले होती, बाजारबुणगे होते. त्यांना पोसायचे होते आणि राखायचेही होते. या माणसांसाठी कोणत्याही खेळाच्या पडद्यावर जागा नसते.

आणि पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत कशी पोहोचली, असे सांगितले जाते? एका सावकारी पत्रातून. त्यात विश्वासराव आणि भाऊ यांचा उल्लेख मोत्यांच्या रूपाने होता, सरदारांचा मोहरांच्या रूपाने, आणि सामान्य शिपायांचा खुर्द्याच्या रूपाने, ज्याची गणतीच लागत नव्हती. माणसांऐवजी नाणी मोजली गेली, ती दुःख झाकण्यासाठी आणि बातमी फुटू नये म्हणून. वाचणाऱ्याला प्रत्येक नाण्यामागचा चेहरा ठाऊक होता. पडद्यावरचा खेळाडूही नाणीच मोजतो, फक्त त्यांच्यामागे चेहरे असतात हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्याचे काम घराचे आणि शाळेचे आहे.

ते सांगण्यासाठी खेळ बंद करण्याची गरज नाही. बंदीने मूल दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळते. आईवडिलांपैकी कोणी तरी त्याच्या शेजारी बसावे आणि विचारावे: ही तुकडी कशामुळे हरली? नियम काय आहे? यात कोणाला मोजलेले नाही? मुलांना शिकवायला आवडते. ती उत्साहाने सांगतात आणि सांगता सांगता थांबून विचार करतात. कोपर्निकसाने १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पृथ्वीला मध्यावरून बाजूला केले. मुलालाही तेच करायला सांगावे: एक डाव शत्रूच्या बाजूने खेळ. ‘डॉन ऑफ वॉर’च्या पहिल्या आवृत्तीतही चार सैन्ये आहेत आणि स्वतंत्र लढतींत त्यांतले कोणतेही निवडता येते. ‘एम्पायर : टोटल वॉर’ या २००९ च्या खेळात तर खुद्द मराठ्यांचे राज्य निवडता येते. तेथे आपल्या मुलांनी मराठ्यांविरुद्धही एकदा खेळून पाहावे. आपण समोरून कसे दिसतो, हे कळणे वाईट नव्हे.

शाळेसाठी एक सूचना आहे. इतिहासाच्या तासाला पानिपत मेजावर मांडावे. कागदावर नकाशा, निळ्या पट्टीची यमुना, खडूने काढलेला दिल्लीचा रस्ता. धान्याच्या जागी खरेच ज्वारीचे दाणे. एक चाल म्हणजे एक आठवडा. नोव्हेंबरच्या आरंभापासून मकरसंक्रांतीपर्यंत साधारण दहा चाली होतात. प्रत्येक चालीला सैनिकांसाठी मूठभर दाणे उचलायचे आणि छावणीतल्या बायकामुलांसाठी वेगळे मूठभर. शिक्षक पंच, नियम फळ्यावर लिहिलेले, सर्वांना दिसतील असे आणि मुलांना योग्य कारण देऊन बदलता येतील असे. आठव्या-नवव्या चालीला वाटीचा तळ दिसू लागला की भाऊ बाहेर का पडले, हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. एखादा विद्यार्थी म्हणेल, यात्रेकरूंना आधीच परत पाठवू. दुसरा विचारील, कोणत्या रस्त्याने? त्या क्षणी वर्गात जे घडेल त्याला शिक्षण म्हणतात. याला संगणक लागत नाही आणि खर्च वाटीभर ज्वारीचा.

साठ वर्षांपूर्वी शाळा सुरू झाली तेव्हा घरात पडदा नव्हता. पुढे दूरदर्शन आले. १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि घरोघरी महाभारताचे युद्ध पाहिले जाई. येथे बसलेल्या अनेकांनी अभिमन्यूचा वध त्या पडद्यावर पाहिला आहे, आणि तो पाहून त्यांच्यापैकी कोणी युद्धखोर झाले नाही. कारण शेजारी आजी बसलेली असे. अभिमन्यू पडला की ती डोळ्यांना पदर लावी आणि उत्तरेचे नाव घेई. मुलांना युद्धाचा अर्थ तिच्या त्या एका उच्चारातून कळला. आजच्या मुलाकडे पडदा अधिक चांगला आहे, शेजारची जागा तेवढी रिकामी आहे.

म्हणून सभा संपल्यावर, जमल्यास, मुलांना घेऊन हा रस्ता शेवटपर्यंत चालत जावे. इंडिया गेटच्या कमानीवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. पलीकडे राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्यातले त्यागचक्र चक्रव्यूहाच्या रचनेवरून बेतले आहे. त्याच्या वर्तुळाकार भिंतींत ग्रॅनाइटची एकेक वीट आणि प्रत्येक विटेवर एका सैनिकाचे नाव. अशा विटा पंचवीस हजारांवर आहेत. मुलाला त्यातली मराठी आडनावे शोधायला सांगावे. पाच-दहा मिनिटांत त्याला जाधव सापडतील, शिंदे सापडतील, पाटील सापडतील. एखादे आडनाव कदाचित त्याच्या वर्गातलेही असेल.

मग त्याने घरी येऊन खुशाल आपला ग्रह जिंकावा. एखादी तुकडी पडली आणि नवी मागवण्यासाठी त्याचे बोट कळीवर गेले, तर दाबण्याआधी ते क्षणभर थांबले तरी पुरे. त्या क्षणभराच्या थांबण्यासाठीच शाळा असतात.